बटण नसलेलं वाक्य

आमच्या प्रतापकाकांचा आवाज त्यांच्या आधी गेला. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. पण काका वस्ताद! ऑपरेशनला जायच्या आधी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, माइक घेतला, आणि दार आतून लावून रोज लागणारी वाक्यं एकेक करून त्यात बोलून ठेवली. "विद्या, पाणी दे." "कोण आलंय?" "हो." "नको." "मी बरा आहे." "दिवा बंद करू नको." प्रत्येक वाक्याला कीबोर्डवरचं एक बटण आणि बटणावर चिकटवलेली पांढरी पट्टी. ऑपरेशननंतर काका बटणं दाबून बोलायचे. ओठ मिटलेले, आणि आवाज मात्र स्पीकरमधून, पूर्वीसारखा खणखणीत! पाहुण्यांना घाम फुटायचा. मला भारी मजा वाटायची. "कोण आलंय?" असं त्यांनी विचारलं की मी दारातूनच ओरडायचे, "मेघाश्री महाराणी!"

काका गेल्या वर्षी गेले. कॉम्प्युटर विद्याकाकूच्या खोलीतच राहिला. दिवसा मी त्यावर गेम खेळायचे, शाळेचे प्रोजेक्ट करायचे. दिवेलागणीनंतर मात्र तो काकूचा. ती दार लोटून घ्यायची आणि आतून ऐकू यायचं, "विद्या, पाणी दे." मग तांब्याभांड्याचा आवाज. रोज. आई म्हणायची, "बरं नव्हे हे." अप्पा म्हणायचे, "असू दे की. कुणाला त्रास आहे त्याचा?"

ते पाणी ती कुणाला द्यायची, हे मी कधी विचारलं नाही.

तर, त्या कॉम्प्युटरची डिस्क. डिस्कचे दोन भाग होते. एक माझ्या गेम्सनी गच्च भरलेला, दुसऱ्यात काकांचे आवाज आणि बाकी सगळी मोकळी जागा. मधली भिंत स्वल्प पलीकडे सरकवली की माझं काम झालं. हे करून देणार होता शार्दूलदादा. तो आमच्या मल्लेश्वरमच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, पुण्याहून इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलाय. माझं मराठी ऐकून तो नेहमी खो खो हसतो. "मेघाश्रीबाई, 'सरी सरी' काय? 'बरं बरं' म्हणावं!" मीही सोडत नाही. त्याचं कन्नड ऐकून भाजीवाली अक्का त्याला गप्प राहायचे पैसे देईल.

भिंत सरकवायला त्यानं नेमका आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस निवडला. त्याचं डोकं बघा हं. आज सगळ्या फॅक्टऱ्या बंद, म्हणजे विजेवर ताण नाही, म्हणजे लाइट जाणार नाही. मी म्हटलं, "आधी आवाज फ्लॉपीवर काढून घेऊया ना?" तर म्हणे, "अगं तासाभराचं काम. लाइट गेली तरच भीती, आणि आज ती जात नाही." सकाळी त्यानं काम चालू करून दिलं आणि आंघोळ करून झोप काढायला तो वर गेला. मी अप्पांबरोबर चिकपेटेत, आमच्या कापडाच्या दुकानात पूजेला.

लाइट गेली नाही. ती घालवली विद्याकाकूनं.

दुपारी आम्ही परत आलो. रस्ता सगळा सामसूम. दुकानांच्या दारात फोडलेले कोहळे पडलेले, पांढऱ्या गरात कुंकू कालवलेलं. स्कूटरच्या चाकाखाली लिंबू चिरडून घेऊन अप्पा निवांत आत गेले आणि मी पळतच काकूच्या खोलीत.

शार्दूलदादा डोक्याला हात लावून उभा होता. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर अक्षता, कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं. आणि सगळं बंद.

"आयुधपूजा झाली की आयुधाला उद्यापर्यंत हात लावायचा नसतो," काकू त्याला समजावत होती. "दुकानातल्या कात्र्या विसावल्या, माझं शिवणयंत्र विसावलं. यांचं यंत्र तेवढं एकटंच घरघरत होतं. आरती ओवाळली आणि मेन बंद केला."

"काकू, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बंद करू नका!"

"असेल. त्याच्यावर मी हार घातला होता."

त्यानं मेन चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, चालू करण्यासारखं इथे काही सापडत नाही अशा अर्थाची. काकू पुढे झाली आणि तिनं 'हो'चं बटण दाबलं. मग 'कोण आलंय'चं. मग सगळीच, एकामागून एक.

"रागावलेत का ते?" तिनं विचारलं. मला विचारलं, शार्दूलदादाला नाही.

शार्दूलदादा मला बाजूला घेऊन पुटपुटला, "फॉरमॅट करावं लागेल गं. नवीन सुरुवात."

गेल्या वर्षीची मी असते तर मान डोलावून गप्प बसले असते. पण यंदा मी मोठ्या माणसांनाही नाही म्हणायला शिकलेय. "नाही!" मी म्हणाले. "कुणाचा आवाज आहे तो, ठाऊक आहे ना? शोधायचा. तू दाखव कसा शोधायचा, मी बसते."

त्यानं डब्याचे स्क्रू काढले. आतल्या पंख्यानं कुंकू ओढून घेतलेलं. तारांवर, पत्र्यावर, डिस्कवर बारीक लाल धूळ. फुंकर मारली तर खोलीभर उडाली. ती डिस्क त्यानं वर आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडली. "यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही. फक्त वाचायचं आणि सापडेल ते माझ्या डिस्कवर उतरवायचं. असं समज, सामान इकडून तिकडे नेता नेता अंधार झाला. काही जुन्या जागी आहे, काही नव्या, काही दोन्हीकडे. आणि कुठलं काय कुठे ठेवलंय, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही."

आवाजाच्या प्रत्येक फाइलीच्या तोंडाशी ठरलेली चार इंग्रजी अक्षरं असतात. तेवढीच धरून डिस्क टोकापासून टोकापर्यंत चाळायची. सापडलेल्या तुकड्याला नाव नसतं. तो कोण, हे वाजवल्यावरच कळणार. पडद्यावर आकड्यांच्या रांगा सरकायला लागल्या. मी एकटक बघत राहिले. चार अक्षरं दिसली की उतरवायचं, वाजवायचं, पुढे.

पहिला तुकडा नुसती खरखर. वाळूवरून कुणी पोतं ओढत नेतंय असा आवाज. दुसराही तसाच, पण शेवटी कुणीतरी खाकरलं.

"काका!" मी किंचाळलेच.

काकू जिन्यातच उभी असावी. ती आत आली आणि भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसली. पडद्याकडे न बघता स्पीकरकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्हीच आहात ना?"

मी पुढचा तुकडा वाजवला.

"हो."

शार्दूलदादा हसला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "योगायोग आहे काकू. डिस्कवर ज्या क्रमानं पडलेत त्या क्रमानं येतायत."

पुढचा तुकडा. "कोण आलंय?"

आता गंमत बघा. त्या खोलीत काकांनी कधी न पाहिलेला माणूस एकच होता. शार्दूलदादानं पाय पोटाशी घेतले. महाराणी म्हणून ओरडायची माझीही हिंमत झाली नाही. काकू मात्र शांतपणे म्हणाली, "वरच्या खोलीत राहतो तो. चांगला मुलगा आहे."

पुढचा. "दिवा बंद करू नको."

काकूनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला काय ठाऊक, तुम्ही आत काम करत होता."

मग "मी बरा आहे" सापडलं. परत सापडलं. आणि आणखी एकदा. "दोन्हीकडे उरलेल्या प्रती असतील," शार्दूलदादा म्हणाला, पण एकातही काकांचा सूर दुसऱ्यासारखा नव्हता. एकदा जोरात, एकदा घाईनं, एकदा अगदी कुणी ऐकू नये असा. ते वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा बोलून बघितलं होतं. बाहेर उजेड उतरत चालला होता. खाली आईनं देवापाशी दिवा लावला, घंटा वाजवली. आम्ही तिघं तसेच.

"मला..." स्पीकर म्हणाला आणि थांबला.

काकूनं मान वर केली. "हे कुठल्या बटणाचं?"

मला सगळ्या पट्ट्या पाठ आहेत. 'मला'नं सुरू होणारी एकही नव्हती. मी पुढचा तुकडा वाजवला. "मला भीती..." आणि खोकला. त्याच्या पुढचा.

"मला भीती वाटते, विद्या."

आवाज इतका स्वच्छ होता की वाटलं, स्पीकरच्या जाळीमागे तोंड आहे.

"ही पुसलेली फाइल आहे," शार्दूलदादा खालच्या सुरात म्हणाला. "पुसलं म्हणजे जात नाही. नाव जातं फक्त, आवाज तिथंच पडून राहतो. काकांनी बोलून पुसून टाकली असणार. काकू, ही नको ठेवायला. मी काढून टाकू?"

"हात लावू नको," काकू म्हणाली. एवढ्या कडक आवाजात ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती. "रोज सकाळी विचारायची मी, कसं वाटतंय? रोज 'मी बरा आहे'चं बटण दाबायचे. एकदा चुकून तरी..." ती थांबली. "मेघा, पुढचं लाव."

मला खरंच नको होतं. बोट नुसतं बटणावर ठेवलेलं. पण काकू वाट बघत होती. मी दाबलं.

काहीच नाही. खरखरही नाही. मी आवाज वाढवला. तेव्हा कळलं, हे काहीच नाही असं नाहीये, ही एक खोली आहे. माइक चालू राहून गेलेली खोली. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. आणि अगदी जवळ, कानाशी, कुणाचा तरी श्वास. रडू आवरून धरल्यावर येतो तसा, तुटक.

मग लांबून, दाराच्या पलीकडून हाक आली. "अहो! पानं घेतलीयत. येताय ना?"

"मी," काकू पुटपुटली. "ही मीच."

श्वास थांबला. उत्तर नाही.

"दार आतून लावून घेतलेलं," काकू मला सांगत होती, पण बघत होती स्पीकरकडे. "किती हाका मारल्या. शेवटी मी चिडले. सार गार झालं, काय करता तासन्‌तास आत बसून, असं म्हटलं मी त्यांना."

स्पीकरमधून परत तीच हाक. "येताय ना?" या वेळी वैतागलेली. आणि जवळ तो श्वास, आता तोंडावर हात दाबून धरल्यासारखा.

काकू पुढे वाकली. तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "घाई नाही. मी परत गरम करते सार. रडून घ्या आधी."

पडद्यावरची रेघ सरकत सरकत टोकाला पोचली आणि थांबली. फाइल संपली. शार्दूलदादानं स्पीकरचा आवाज पार खाली आणला.

त्यानंतर खुर्ची सरकली. फरशीवर लाकडी खुर्ची मागे ढकलून कुणी उठतं, तसा स्पष्ट आवाज. शार्दूलदादाच्या खोलीत खुर्ची नाही. कॉम्प्युटर ट्रंकेवर ठेवलेला, आणि आम्ही तिघं चटईवर.

शार्दूलदादानं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाढली. मला मागे वळून बघायचं होतं. आणि अजिबात बघायचं नव्हतं.

काकूनं साडी आवरली आणि ती माझ्याकडे जराशी सरकून बसली. तिच्या पलीकडे चटईवर एका माणसापुरती जागा झाली.