सातव्या कॅमेऱ्याचा एक गुण

नवा कॅमेरा सोमवारी आला. खोक्यातल्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'चेहऱ्यांवरचा पिवळेपणा आता नाही!' मी ते वाचलं, घडी घालून परत ठेवलं आणि चहा टाकला. काही वाटलं नाही. आमची ही गेल्याला चार महिने झाले, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

माझं काम कॅमेरे तपासायचं. नवं मॉडेल जुन्यापेक्षा खरंच चांगलं आहे का, एवढंच मासिकात सांगायचं. कंपन्या दरवेळी क्रांती म्हणतात. डोंबलाची क्रांती! दोन बटणं इकडची तिकडे केलेली असतात. संपादक मला तोंडावर खडूस म्हणतो, आणि वाचक विश्वास ठेवतात तो त्या खडूसपणावरच.

पद्धत सोळा वर्षं एकच. उत्तरेकडची खिडकी, सकाळचे अकरा, लाकडी खुर्ची, तिच्या चार पायांसाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. खुर्चीत ही, निळा स्वेटर घालून, हनुवटीखाली करड्या रंगाचं कार्ड धरून. फोटोत ते कार्ड करडंच दिसलं तर बाकीचे रंगही खरे, असा हिशोब. एकवीस कॅमेरे झाले, एकवीस फोटो. दरवेळी हिची कुरकुर ठरलेली. "अहो, आटपा, दूध उतू जाईल." नाहीतर, "कॅमेरे सुधारत चाललेत आणि मी प्रत्येकात म्हातारी होत चाललेय. हे कसलं हो सुधारणं?"

एकविसावा फोटो याच कंपनीच्या सातव्या मॉडेलनं काढला होता. त्यावर मी लिहिलं होतं, 'बाकी उत्तम. पण चेहऱ्याचा रंग पिवळट येतो, डोळ्यांतलं पांढरंही स्वच्छ येत नाही. एक गुण वजा.' ते भलतंच गाजलं. वाचकांना आपापल्या घरातली माणसं पिवळी दिसायला लागली, तक्रारींची पत्रं गेली आणि कंपनीनं मनावर घेतलं. हे आठवं मॉडेल म्हणजे माझ्या त्या तीन ओळींवरचा इलाज.

हिच्या जागी मुलीला बसवलं. आई होती तेव्हा ती परगावी नोकरीला होती, आई गेल्यावर इकडे राहायला आली. आईचा स्वेटर तिला खांद्यात सैल होत होता.

"कार्ड कुठे धरू, बाबा?"

"हनुवटीखाली. हलू नकोस."

फोटो संगणकावर घेतला. मुलगी गुलाबी दिसत होती.

"अय्या, मी काय धावत आले का कुठून?" ती हसली आणि आत गेली.

मग तुलनेसाठी शेजारी हिचा जुना फोटो उघडला. तुलना करायची तर करड्या कार्डापासून सुरुवात करायची, हा माझाच नियम. गेल्या वेळी मी तो पाळला नव्हता. चेहराच इतका पिवळा दिसत होता की कार्डाकडे बघायची गरज वाटली नाही. आता कार्डावर टिचकी मारली. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे एकशे अठरा. करडा म्हणजे अगदी करडा. तीन वेळा मोजलं. कॅमेरा बरोबर होता. पिवळी ही होती.

त्या सकाळी ही म्हणाली होती, "अहो, आज बसवत नाहीये मला." मी म्हणालो होतो, "हनुवटी वर घे."

त्यानंतर सात आठवड्यांनी हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत? मी छातीठोकपणे सांगितलं, चार-पाच दिवस झाले असतील. गाठ पोटात पसरली होती. महिना-दोन महिने आधी आला असतात तर काढता आली असती, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. डोळ्यांत तेल घालून बघणं हा माझा धंदा आहे, त्यावर घर चालतं.

संपादकाचा फोन आला. "खडूस, पिवळेपणा गेला ना? तेवढं एक वाक्य दे बाबा, अंक अडलाय."

"बघतो," मी म्हटलं.

हिचा तो फोटो कागदावर मोठा छापला, खुर्चीच्या पाठीला टाचला आणि नव्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला. चेहरा ओळखणारा चौकोन बरोबर हिच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. पडद्यावर आली ती ठणठणीत बाई. गाल गुलाबी, डोळे पांढरेशुभ्र. मी बघत बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

मुलगी चहाचे कप न्यायला आली आणि मागे उभी राहिली. "किती छान दिसतेय आई! हा मला कसा माहीत नाही? बाबा, हाच मोठा करून भिंतीवर लावू या."

मी हो म्हणू शकलो असतो. तिला कधीच कळलं नसतं. तोंड उघडवेना, म्हणून लिहायला बसलो. लिहिलेलं आधी ही तपासायची, आता मुलगी तपासते. पेन्सिल घेऊन तिनं मोठ्यानं वाचलं, "'आठव्या मॉडेलमध्ये सुधारणा नाही. ते समोर आहे ते दाखवत नाही, बघणाऱ्याला आवडेल ते दाखवतं. सातवं मॉडेल बरोबर होतं. त्याचा वजा केलेला गुण मी परत देत आहे. दोष कॅमेऱ्याचा नव्हता.'" पेन्सिल थांबली. "वाक्य अर्धवट आहे, बाबा. मग कुणाचा होता?"

मी पडद्यावर जुना फोटो आणला. कार्डावरचे तीन आकडे दाखवले. मग खाली कोपऱ्यातली तारीख.

तिनं तारखेपासून बोटांवर आठवडे मोजले. "डॉक्टरांना तू चार-पाच दिवस म्हणालास."

"हो."

"सात आठवडे, बाबा."

"हो. मी तुझ्या आईकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याचा गुण कापला." असलं काहीतरी बरळलो. मला तिच्यासमोर लाज वाटत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ते हे होतं.

तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. "पूर्ण कर."

मी लिहिलं, 'बघणाऱ्याचा होता.' तिनं वाचलं आणि पूर्णविरामाचा ठिपका जरा ठळक केला. मग खुर्चीला टाचलेला कागद काढून घेतला आणि त्याच्या कडा सरळ केल्या.

"भिंतीवर हा लावायचा," ती म्हणाली. "पिवळा."