पहिल्या पाण्याची बाटली

"अजून दोन मिनिटं, ताई. बादली जरा बाजूला घे."

नळ सोडून घड्याळाकडे बघत उभा असलेला ताईचा भाऊ असं म्हणाला, तशा रांगेतल्या बायका कुरकुरल्या. तो पाणीखात्यात नमुने गोळा करायचा. बाटली भरण्याआधी पाच मिनिटं नळ वाहू द्यायचा, हा नियम तो इतका काटेकोर पाळायचा की ऑफिसात त्याला 'घड्याळ'च म्हणत. बावीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे नाही. त्याला अभिमान होता त्याचा, आणि का नसावा?

कारखान्यामागच्या या वस्तीत त्याची सख्खी बहीण राहायची. पाणी दिवसातून अर्धा तास. एरवी रिकामा पाइप कारखान्याच्या नाल्यात पडलेला, फुटक्या सांध्यांतून नाल्याचं पाणी आत झिरपणारा.

"तुझी पाच मिनिटं तू आलास म्हणून," ताई म्हणाली. "रोज आम्ही पहिल्या धारेपासून भरतो. पिवळं असतं, वास मारतं. गाळून घ्यायचं, दुसरं काय?"

"पिवळं? मला कधी दिसलं नाही ते."

"दिसेल कसं? तुझे डोळे घड्याळावर! ते सगळं तू गटारात सोडतोस आणि चांगलं तेवढं भरून नेतोस!"

बायका खो खो हसल्या. त्यालाही हसू आलं, ते अर्ध्यावरच विरलं. दारात ताईची सून उभी होती, सातवा महिना लागलेली. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. नव्या पाइपसाठी वस्तीचा अर्ज दरवर्षी एकाच शेऱ्याने परत यायचा: पाणी पिण्यायोग्य. नमुना घेणारा म्हणून खाली सही त्याची.

टेकडीवरच्या बंगल्यांत नळाला दिवसभर पाणी. तिथे पाच मिनिटांनी कुणाचं काय अडतं? हा नियम तिथेच बसून केला असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधीच तो नळाशी जाऊन उभा राहिला. पहिली धार त्याने बाटलीत घेतली. फॉर्मवर 'नळ किती वेळ सोडला' या रकान्यात पाच लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. खोटं लिहायला मात्र हात धजेना. त्याने शून्य लिहिलं.

"हे नियमात बसत नाही," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगायचं का?"

"मॅडम, माणसं हेच पाणी पितात. मग तपासायचं कुठलं?"

मॅडमनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग तिच्यावर नमुन्याचा नंबर टाकला.

तिसऱ्या दिवशी त्याने ताईला फोन लावला.

"काय झालं रे? पास?"

"नापास, ताई. पिण्यास अयोग्य. मॅडमनी नव्या पाइपसाठी स्वतः लिहिलंय. तोवर उद्यापासून टँकर येईल. सुनेला ते पाणी देऊ नकोस."

पलीकडे ताईने ओरडून सगळ्यांना सांगितलं. एकच गलका झाला. कुणीतरी बादली बडवत होतं. हळूहळू गलका ओसरला.

"ताई," तो म्हणाला, "बावीस वर्षं... माझं चुकलं गं."

तिचा श्वास त्याला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"आवाज येत नाहीये रे तुझा," ताई म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही.