बाणाची दिशा

विजयश्रीचा हात बधिर केला होता, जीभ मात्र शाबूत होती. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यापडल्या तिनं पूनम डॉक्टरांना तिसऱ्यांदा विचारलं, "मॅडम, हात ऱ्हाईल ना?"

"त्याच्यासाठीच तर उभी आहे मी," डॉक्टर म्हणाल्या.

सकाळी चाकणच्या कंपनीत रॅकवरून पत्रा घसरला आणि तिच्या डाव्या कोपराजवळची मोठी रक्तवाहिनी कापली गेली. हात पांढराफटक, गार पडलेला. बाहेर तिचा नवरा, समाधान, देव पाण्यात घालून बसलेला. आता पायातली शीर काढून हातात जोडायची होती.

गुंगीचं औषध चढू लागलं. वरचे दिवे पाण्यात पडल्यासारखे हलले आणि विजयश्री तरंगत थेट आपल्या लाईनवर पोचली. तिथं ती व्हॉल्व्ह तपासायची. पाण्याला पुढं जाऊ देणारे, मागं फिरू न देणारे. प्रत्येकावर एक बाण. डाव्या अंगठ्यानं तो चाचपायचा, मोठ्यानं "ओके" म्हणायचं, मगच माल पुढं. बयेच्या अंगठ्याला डोळे आहेत, असं पोरी म्हणायच्या.

आज पट्ट्यावरून तिच्याच शिरा येत होत्या, निळसर, ओल्या, मऊ. ती चाचपत होती आणि मेल्या अंगठ्याला काही कळत नव्हतं. पट्टा काही थांबत नव्हता.

"थांबा!" ती टेबलावरूनच ओरडली. "आधी बाण बघा! पायातलं रगत वर जातंय, हातात खाली यायचंय. उलटं लागंल समदं!"

डॉक्टरांचे हात क्षणभर थांबले. मग त्या मास्कमागं हसल्या. "बरोबर आहे तुमचं. शिरेतही झडपा असतात, म्हणून आम्ही ती फिरवूनच लावतो. टोकाला खुणेचा टाका घातलाय."

"मंग नीट बघून सोडा."

"बरं, बाईसाहेब."

तेव्हा कुठं ती निवांत तरंगत गेली.

संध्याकाळी वॉर्डात जाग आली. समाधान उशाशी बसला होता. बँडेजमधल्या हाताला बोट लावायचीही त्याची हिंमत नव्हती. अंगठा अजून बधिरच होता, पण नखं गुलाबी दिसत होती. विजयश्रीनं उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर टेकवली आणि डोळे मिटले. एक ठोका. दुसरा. तिसरा. रक्त बोटांकडेच चाललं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग लाईनवर म्हणायची तितक्याच मोठ्यानं ती म्हणाली, "ओके!"