आरशाचं कपाट

"आरशाचं कपाट पाहिजे म्हणतात," अण्णा म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत बसला.

अण्णा हा रखमाबाईचा चुलतभाऊ. डोंबिवलीचं स्थळ त्यानेच आणलं होतं. मुलगा आनंद मुंबईला एका विमा कचेरीत कारकून होता, घरचे सगळे मूळचे वाईकडचे. रखमाबाईची लेक उत्तरा त्यांना पसंत पडली होती आणि आता फक्त तिथी धरायची बाकी होती.

धोंडीबाला उलट हसू आलं. "मग हाय की कपाट. त्यान्ला म्हणावं, पोरीचा बाप सुतार हाय."

कल्याणच्या पारनाक्याजवळच्या त्या एका खोलीत अर्धी भिंत अडवून सागवानी कपाट उभं होतं. दारं बसवायची राहिली होती. चार महिने धोंडीबा कामावरून आल्यावर दिवस मावळेपर्यंत आणि रविवारी अख्खा दिवस त्यावर राबत होता. त्यात एकही खिळा नव्हता. फळीत फळी अशी बसली होती की सांध्यात नख शिरू नये.

अण्णाने कपाटाकडे पाहिलं नाही. "दाजी, त्यान्ला हे नको. कॅम्पातलं पाहिजे. जेठानंदच्या दुकानातलं. दारावर माणूसभर उंच आरसा असतो ते. शेजारच्या सुनेनं आणलंय, तसंच."

चुलीपुढे बसलेल्या रखमाबाईचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. जेठानंदचं नाव त्या घरात कुणी सहसा काढत नसे. काढलं की धोंडीबाला त्या दिवशी जेवण जात नसे.

धोंडीबा मूळचा पाटणकडचा. लढाईच्या दिवसांत सरकारने कल्याणला लष्करासाठी बराकी बांधायला काढल्या आणि देशावरून सुतार-गवंडी भरून आणले, त्यांत तो आला. रांगाच्या रांगा बराकी त्याने हातांनी उभ्या केल्या. लढाई संपली, गोरे गेले, बराकी ओस पडल्या. धोंडीबा मात्र गावी परतला नाही. तिकडे दोन भावांत मिळून हत्यारांची एकच पेटी आणि एकच ओसरी होती. पारनाक्याला त्याने भाड्याची खोली घेतली आणि रखमाबाईला आणि लहानग्या उत्तराला आणलं.

मग अठ्ठेचाळीस साली सिंधकडची माणसं आली. गाड्या भरभरून आली आणि त्या बराकींत उतरली; त्या वस्तीलाच लोक कॅम्प म्हणू लागले. एकेका बराकीत पंधरा-वीस कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. सरकारी कंत्राटदाराने त्या जागी लाकडी आडभिंती घालायचं काम काढलं आणि धोंडीबाला बोलावलं. आपणच बांधलेल्या बराकीत आपणच परक्यांसाठी खोल्या पाडायच्या, हे त्याला तेव्हाच कुठेतरी खुपलं होतं. पण त्या माणसांचे हालही बघवत नसत. चांगल्या घरच्या बायका एका नळासमोर डबे घेऊन तास तास उभ्या असत.

जेठानंद तिथला. शिकारपूरला त्याची धान्याची पेढी होती म्हणे. इथे अंगावर एक कोट आणि पाठीमागे म्हातारी आई, बायको पार्पती, तीन पोरं. तो रोज धोंडीबाजवळ येऊन उकिडवा बसे आणि उरलेले तुकडे मागे.

"काय करणार रे ह्याचं? चूल पेटवणार?"

"नहीं उस्ताद. कुछ बनाऊंगा."

त्याने धोंडीबाचीच हातोडी घेतली आणि पहिल्याच ठोक्याला अंगठा सुजवून घेतला. धोंडीबा पोट धरून हसला. पण जेठानंद दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधून पुन्हा आला. धोंडीबाने त्याला रंधा धरायला शिकवला, करवत कुठे दाबायची नि कुठे सोडायची ते शिकवलं. महिन्याभरात त्याने बसायचे पाट केले. पार्पती बराकीबाहेर बसून ते घासायची, म्हातारी त्यांना रंग द्यायची आणि पोरं ते डोक्यावर घेऊन कल्याणच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायची. पाट बसायला डुगडुगत. तरी खपत.

वर्षाने जेठानंद पारनाक्याच्या खोलीवर आला. तेव्हा तो दारातच उभा राहिला होता, आत ये म्हटल्याशिवाय आला नव्हता.

"धोंडीबा, तू बनव. मी विकतो. आधा तुझा, आधा माझा."

धोंडीबाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. ज्याला उद्या कुठे निजायचं ते ठाऊक नाही, त्याच्याशी भागीदारी कसली? शिवाय जवळच मोहन्याला रेशमाची मोठी कंपनी उभी राहत होती, तिथे सुतार घेत होते. पक्की नोकरी, बारा महिने पगार. पुढे दोनेक वर्षं धोंडीबा हा किस्सा नाक्यावर रंगवून सांगे. "निर्वासिताला माझ्यात पाती पायजे हुती!" लोक हसत. नंतर त्याने तो किस्सा सांगायचं बंद केलं.

कारण कंपनीत तो खोकी करत होता. माल भरायची खोकी. खोक्याच्या मापाच्या फळ्या, ठरलेले खिळे, आठ तास. ज्या हाताने सागवानात वेलबुट्टी कोरली होती तो हात सात वर्षं फक्त हातोडी वर नेत होता आणि खाली आणत होता. आणि तिकडे नदीपलीकडे कॅम्पाचं उल्हासनगर झालं होतं. बराकीच्या पुढ्यात जेठानंदने आधी पत्र्याची शेड टाकली, मग दुकान बांधलं, मग त्यावर माडी चढवली. धोंडीबाला प्रत्येक गोष्टीची तारीख पाठ होती. पंखा कधी लागला, दुकानाची पाटी कधी रंगवली, मोठा पोरगा मोटरसायकल कधी चालवायला लागला. सायकलवरून मोहन्याला जायचा त्याचा रस्ता वेगळाच होता, तरी महिन्यातून एकदा तो कॅम्पातून चक्कर मारून येई आणि दुकानाच्या समोरच्या बाजूने मान वळवून बघत जाई. घरी आल्यावर रखमाबाईला न विचारताच सांगे, "सरकारनं दिलं त्यान्ला. जागा दिली, रेशन दिलं. आपुन बी परगावचंच की. आपल्याला कुणी काय दिलं?"

रखमाबाई बहुतेक वेळा गप्प राही. त्या दिवशी, अण्णा निघून गेल्यावर त्याने तेच पुन्हा म्हटलं, तेव्हा ती राहिली नाही.

"सरकारनं दिलं, ते खरं," ती म्हणाली. "पर पार्पतीबाई रंगाच्या डब्यात हात बुडवून बसायची ते सरकारनं न्हाई केलं. मी त्या साली म्हणलं हुतं, कॅम्पातल्या बाया पापड लाटायला बोलावत्यात, जाते. तुमी काय म्हणला? सुताराची बायकू दुसऱ्याचं पापड लाटणार न्हाई."

"मग काय, लाटायचं हुतं?"

"हुतं." ती तवा उतरवत म्हणाली. "आन् दर साली शिमग्याला समदा पैका घिऊन गावाला पळालो. तिथं दोन खणाचं घर बांधलं. त्यात ऱ्हातंय कोन? तुमचा भाऊ. त्या मानसाला पळायला गावच न्हवतं, म्हनून त्यो हितं उभा ऱ्हायला."

धोंडीबाला राग आला, आणि तो राग बायकोवर आहे की त्या माणसावर, ते त्याला कळेना. गाव नसल्याचाही हेवा वाटावा, इतका हेवा त्याच्यात साठला होता. उत्तरा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुला गं?" त्याने विचारलं. "तुला कुठलं पायजे?"

उत्तराने बराच वेळ तांदळातला एक खडा शोधला. "आबा, तुमचं चांगलंय," ती म्हणाली. "पर त्यांनी आरशाचं मागितलंय ना."

रविवारी तो धुतलेला सदरा घालून कॅम्पात गेला. कपाट घ्यायला चाललोय असं त्याने घरी सांगितलं. खरं तर तो खोट काढायला चालला होता.

दुकानात कपाटं ओळीने उभी होती, प्रत्येकाच्या दारावर लांब आरसा, प्रत्येक आरशात धोंडीबा. तो एका कपाटाच्या मागे गेला. बोटाने टकटक केली, वाकून खालची बाजू पाहिली, आणि त्याच्या जिवाला कितीतरी वर्षांनी थंडावा मिळाला. मागची बाजू खोक्याच्या फळ्यांची होती. अशाच फळ्यांवर तो रोज आठ तास खिळे मारत होता. कप्पे पातळ, सांधे नुसते सरसाने चिकटवलेले, आणि या सगळ्यावर काचेसारखं चकचकीत पॉलिश.

शेजारी एक तरुण जोडपं त्याच कपाटासमोर उभं होतं. बायको आरशात पदर सारखा करत होती. नवरा म्हणाला, "हेच घेऊ या."

"घिऊ नगा," धोंडीबा म्हणाला.

दोघं वळली.

"मी सुतार हाय. ह्यात लाकूड न्हाई, नुसता रंग हाय. एका पावसाळ्यात पाठ फुगंल, दुसऱ्यात दार लोंबंल. बघा." त्याने मागच्या फळीवर अंगठा दाबला. फळी आत गेली.

जोडपं एकमेकांकडे बघत बाहेर पडलं. धोंडीबाने मान वर केली तेव्हा गल्ल्यावर जेठानंद उभा होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. त्याने सगळं ऐकलं होतं.

"उस्ताद," तो म्हणाला. "बसा."

धोंडीबा दाराकडे वळला, तोवर जेठानंदने खुर्ची पुढे ओढली, चहा मागवला. नोकरांना त्याने सांगितलं, "हातोडी कशी धरतात ते मला ह्यांनी शिकवला." सगळ्यांनी धोंडीबाकडे आदराने पाहिलं. तो आदर त्याला त्या क्षणी शिवीसारखा लागला.

"तुम्ही खरा बोलला," जेठानंद म्हणाला. "कपाट कच्चा आहे. मला माहीत आहे. पण त्या मुलाकडे एक खोली आहे, नवी बायको आहे. तिला आज आरसा पाहिजे. सागवानासाठी तो कधी थांबणार?"

"टिकायला नगं?"

जेठानंदने कप खाली ठेवला. "शिकारपूरला आमच्या घराचा दरवाजा शिसवाचा होता. माझ्या आजोबांनी बनवून घेतला. सुतार म्हणाला, दोनशे वर्ष काय होणार नाही." त्याने कप पुन्हा उचलला. "झाला पण नसेल काही. असेल तिथेच. चांगलाच असेल."

जेठानंदची माडी, पंखा, पाटी यांचा हेवा कसा करायचा ते धोंडीबाला ठाऊक होतं. या बोलण्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. कपातला चहा त्याने एका घोटात संपवला.

"पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला. "ह्यातलंच एक पायजे."

जेठानंदने आश्चर्य दाखवलं नाही. "मुलगी माझी पण आहे. घेऊन जा, पैशाचा बोलू नका."

"न्हाई. जो भाव परक्याला, त्योच मला. न्हाईतर मी चाललो."

जेठानंदने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. भाव सांगितला. एक आणाही कमी केला नाही. त्याबद्दल धोंडीबाला त्याचे उपकार वाटले, आणि उपकार वाटल्याचं वाईट वाटलं.

कपाट मंगळवारी हातगाडीवरून आलं. चाळीतल्या बायका आरशात बघायला जमल्या. त्या गेल्यावर धोंडीबाने ते आडवं घातलं आणि मागच्या फळ्या एकेक करून उचकटल्या. मग तो आपल्या सागवानी कपाटाकडे गेला. थोडा वेळ त्याने त्यावरून हात फिरवला. नंतर लाकडी मोगरीने हळूहळू ठोकत त्याचे सांधे मोकळे केले.

"अवं, हे काय?" रखमाबाई म्हणाली.

"गप ऱ्हा."

अकरा दिवस लागले. मागची बाजू सागवानी झाली, कप्पे सागवानी झाले, आतून चौकट सागवानी झाली. बाहेरून मात्र काही बदललं नाही. तेच पॉलिश, तोच आरसा. दाराच्या वरच्या कोपऱ्यात दुकानाच्या नावाची पितळी पट्टी होती. ती त्याने शेवटच्या दिवशी काढली आणि खिशात टाकली. उत्तरा बघत होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ते लोक नाव बघतील."

धोंडीबाने पट्टी खिशातून काढली, सदऱ्याला पुसली आणि चार स्क्रू नीट आवळून होती तिथे बसवली.

लग्न होऊन कपाट डोंबिवलीला गेलं. वऱ्हाडातले तीन तरुण आणि एक हमाल ते व्याह्यांच्या जिन्यावरून वर चढवत होते. व्याही वरच्या पायरीवर उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "कॅम्पातलं आहे, जेठानंदकडचं." शेजारी पट्टी वाचत होते. जिन्याच्या वळणावर हमालाने दम खाल्ला.

"ह्या दुकानची लय कपाटं वाहिली मी," तो म्हणाला. "एवढं जड कुठलंच नव्हतं."

मागच्या बाजूला लागलेल्या पोराला ते पेलत नव्हतं.

"सरक बाजूला," धोंडीबा त्याला म्हणाला. "मागनं मी धरतो."

त्याने डोक्यावरचा नवा फेटा काढून रखमाबाईच्या हातात दिला, खांदा कपाटाच्या पाठीला लावला आणि पायरी चढू लागला.