मिशीवाल्याला घेरलं तेव्हा

"मारूझा मावशी, तुम्ही मेल्यावर नाचाचं गाणं कोण उचलणार?"

विचारलं बाई एकदाचं! माझ्या मैत्रिणी तेक्ला आणि इम्मानं पैज लावली होती की माझी छातीच होणार नाही. आता दोघी कारंज्यामागे तोंड दाबून हसत होत्या आणि चौकात नटूनथटून उभ्या असलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

मावशीनं जरीच्या घागऱ्याची चुणी सारखी केली. "तूच उचल की. माझ्या मरणाची वाट कशाला बघतेस? आजच उचल. का येत नाही आपली भाषा? तुझी आई तर मिरवते, पोरगी टीव्हीसारखं इटालियन बोलते म्हणून!"

बायका फिसकन हसल्या. माझे कान तापले, कारण खरंच होतं ते. आईबाबा माझ्याशी इटालियनच बोलतात. आर्बरेश बोलणाऱ्या पोरीला शहरात कोण विचारतं, म्हणे! पाचशे वर्षांपूर्वी आमची माणसं ही भाषा घेऊन समुद्र ओलांडून इटलीतल्या कॅलाब्रियाच्या डोंगरात आली, आणि ती नेमकी आमच्या उंबऱ्यावर अडली.

"उचलते," मी म्हटलं.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी आमच्या बायका रुमालाला रुमाल धरून साखळी करतात आणि परगावचा कुणी दिसला की त्याला घेरतात. पुढची गाते, मागच्या तीच ओळ उचलतात. सापडलेल्यानं सगळ्यांना वाइन पाजली की त्याची सुटका. पण त्याची फिरकी घेणारं गाणं आर्बरेशमध्ये जागच्या जागी जुळवायचं. नाही जमलं तर वर्षभर गावात हसं.

एक मिशाळ पाहुणा सापडला. वर्तुळ मिटलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि माझं डोकं रिकामं. एक शब्द सुचेना.

मग एकदम आठवलं. आर्बरेश मी ऐकते की, रोज ऐकते! आईबाबा भांडतात ते आर्बरेशमध्येच, मला कळू नये म्हणून!

मी आवाज लावला:

"मिशा बघा सिंहाच्या,
उंदीर दिसता खुर्चीवर!"

बायकांनी ओळ अशी उचलली की छपरावरची कबुतरं उडाली. मग मी थांबतेय होय!

"उद्या करतो, उद्या करतो,
कडी गेली, दार गेलं!
तुझ्या आईचा पाव मऊ,
माझाच तेवढा दगड रे!"

"अरे, हा तर आपला दिमित्री!" बेकरीवाला ओरडला. सगळा चौक वळून माझ्या बाबांकडे बघायला लागला. बाबांनी मिशीवर हात ठेवला. पाहुण्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, तरी तोच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता. वाइन तर त्यानं अख्ख्या चौकाला पाजली.

मावशीनं माझा गालगुच्चा घेतला. "आता मेले तरी हरकत नाही. पण मरत नाही हं, तुझी मजा बघायचीय."

तेवढ्यात आई आली, लालेलाल. "सेरा! हे कुठे शिकलीस?" तिनं इटालियनमध्ये विचारलं.

"तुमच्याचकडे. भिंती पातळ आहेत आपल्या," मी आर्बरेशमध्ये म्हटलं.

बाबांचा चेहरा पडला. "मग आम्ही भांडायचं तरी कुठल्या भाषेत?"

"इटालियनमध्ये भांडा! आणि दोघंही नीट ऐका. आजपासून घरात मी आर्बरेशच बोलणार. तुम्ही इटालियनमध्ये विचारा, रागवा, नाहीतर अबोला धरा. जेवताना मीठ मागायचं झालं, तरी ते मी आपल्याच भाषेत मागणार."