उजव्या हातातलं घड्याळ

लोक माझ्याकडे फोटो आणतात ते चमत्काराच्या आशेने, आणि चमत्कार झाला नाही की तोंड वाकडं करतात. म्हणून समोरच्या दुकानातल्या टेलरबाईंना मी आधीच बजावलं, "नसलेला माणूस मी आणत नाही."

"असलेलाच आणा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या लग्नातली एक निगेटिव्ह पुढे केली.

हॉलच्या दारातून आलेल्या उन्हाने त्यांच्या अल्बममधल्या फोटोत दाराच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरला होता. वडील या लग्नावर चिडलेले. ‘हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही’ म्हणाले होते. आत्या मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली, की दादा दारात उभा होता. आता दोघंही गेले. विचारायचं कुणाला?

मी निगेटिव्ह दोनदा स्कॅन केली, एकदा नेहमीसारखी, एकदा चांगली गडद. गडद थर वर ठेवून त्याला काळा मास्क लावला.

"मास्क? तोंडाला लावतात तो?"

"तसंच समजा. काळा आहे तिथे वरचा थर झाकलेला. मी पांढरा ब्रश फिरवीन तिथेच तो दिसेल."

दाराचा भाग मोठा करून मी ब्रश फिरवायला लागलो. आधी चौकट आली, मग उंबरा, पँट, बाही, मनगटावर घड्याळ. चेहरा काही येईना. तिथे निगेटिव्हमध्येच काही उरलं नव्हतं.

बाई स्क्रीनला नाक लावून बघत होत्या. एकदम मागे सरकल्या.

"हे बाबा नाहीत. ते घड्याळ उजव्या हातात घालायचे. हा डावा हात आहे."

मला राग आला, तोही त्या दारातल्या माणसाचा. एवढी मेहनत करून भलताच कुणीतरी निघाला! वैतागून मी पूर्ण फोटो स्क्रीनवर आणला. बाईंनी पर्स उचलली आणि उठता उठता फोटोतल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"यांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?"

"असेल तेव्हाची फॅशन."

"फॅशन कसली! हा शर्ट मी शिवलाय. खिसा डावीकडेच लावला होता."

माझे कान गरम झाले. वीस वर्षं हे काम करतोय आणि निगेटिव्ह स्कॅनरमध्ये उलटी घातली होती. दोन्ही वेळा! मी सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटवलं. नवऱ्याचा खिसा डावीकडे गेला आणि दारातल्या माणसाचं घड्याळ उजव्या हातात आलं.

बाई पर्स ठेवून पुन्हा बसल्या. मी दार पुन्हा मोठं केलं. दोन्ही बूट उंबऱ्याला खेटून होते, पण बाहेर.

"पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "नाहीच ठेवलं. हट्टी माणूस!"

मलाही भरून आलं. ते लपवायला मी विचारलं, केवढा काढू?

"मोठा काढा. दार पूर्ण आलं पाहिजे. नवरा कापला गेला तरी चालेल."