तिसऱ्या ओळीची जोडी

वासंतीबाई आपट्यांनी फळ्यावर कवितेच्या दुसऱ्या ओळीपुढे यमकाचा 'अ' काढला आणि तेवढ्यात लाकडी पडदीपलीकडून असा हशा उठला की त्यांच्या वर्गातली सगळी मुंडकी तिकडे वळली.

"इकडे बघा! यमक फळ्यावर आहे, पडदीत नाही."

मुलं वळली, पण कान तिकडेच. पलीकडे चौथी ब. तिथल्या बाई म्हणजे शालू पठारे, दोनच वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली, खराडी गावातून सायकल हाणत येणारी. ती यमक शिकवत नसे, खेळायला लावत असे. कवितेच्या ओळीतला शेवटचा शब्द एकेका मुलाच्या पाटीवर लिहायचा आणि मुलांनी आपापला जोडीदार शोधून हात धरायचा. कोणी कोणाचा हात धरलाय हे बघून बाकीची मुलं यमकाची रचना सांगायची. उभा जन्म फळ्यावर अ-ब मांडत आलेल्या वासंतीबाईंना हा अगदी पोरखेळ वाटे. त्याहून वाईट म्हणजे मुलांना ते येत असे.

तेही सोसलं असतं. पण चौथी बमध्ये त्यांची स्वतःची लेक अनघा होती. शिक्षिकेचं मूल तिच्याच वर्गात नको, अशी शाळेची पद्धत. त्यावर वासंतीबाईंनी आपला एक नियम चढवला होता: शाळेच्या फाटकात शिरलं की आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. जवळ यायचं नाही. लाड घरी.

आणि घरी अनघाच्या तोंडी पठारेबाईंखेरीज दुसरं नाव नसे.

"पठारेबाई म्हणतात, यमक म्हणजे दोन शब्दांची मैत्री हाय."

"आहे," पोळी लाटता लाटता वासंतीबाई म्हणाल्या. "हाय नाही."

"पण आमच्या बाई तसंच म्हणतात. किती छान वाटतं!"

पोळी फाटली. जळफळाट म्हणतात तो हाच, हे वासंतीबाईंना चांगलं कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

पुढच्याच महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते. दोन्ही तुकड्यांचा एकत्र पाठ ठरला. शिकवणार शालू, आणि मुलांना नवी वाटेल अशी कविता वासंतीबाईंनी करून द्यायची. स्नेहसंमेलनाची पद्यं त्याच करत. त्यांनी मन लावून चार ओळी रचल्या. शेवटचे शब्द तळे, मळे, वारा, कळे. तीन जुळणारे, एक सुटा. आता खेळा म्हणावं खेळ! साहेबांसमोर एक मूल जोडीदार शोधत फिरेल आणि पठारेबाईंची फजिती होईल. कविता त्यांनी ऐनवेळी, त्याच सकाळी शालूच्या हातात ठेवली.

पडदी सरकवली गेली. साहेब खुर्चीत बसले. फळ्यावर ओळी लिहून द्यायला वासंतीबाई पुढेच उभ्या होत्या. शालूने चार पाट्यांवर शब्द लिहिले आणि "कोण येणार?" म्हणताच पहिला हात वर झाला अनघाचा.

 तिला नको, असं वासंतीबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण साहेब बघत होते.

अनघाला तिसरी पाटी मिळाली. वारा.

बाकीच्या तिघांनी पटकन हात धरले. अनघा एकाकडे गेली. त्याने तिची पाटी वाचून मान हलवली. दुसरीकडे गेली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मग पाटी छातीशी धरून ती जागीच उभी राहिली. 

"अगं, तुझं काही चुकलं नाही," शालू म्हणाली. "कवितेत ही ओळ मुद्दाम एकटी ठेवली हाय. अ, अ, ब, अ. दिसलं ना सगळ्यांना? पण आपण कशाला एकटं उभं राहायचं? कुठल्याही मोठ्या माणसाचा हात धर. जा."

अनघा पुढे निघाली. वाटेत वासंतीबाईच होत्या. शरमेने त्यांचे कान तापले होते, पण पोरगी आपल्याकडेच येतेय या आनंदापुढे ती शरमही मागे पडली. नियम गेला खड्ड्यात. त्यांनी खडू ठेवला, पदराला हात पुसला आणि पुढे केला.

अनघा त्यांच्यासमोर थांबली. घरी बजावलेलं तिला नीट आठवत होतं. तिने मान खाली घातली.

"बाई, जरा बाजूला होता का? मला आमच्या बाईंकडे जायचंय."

वासंतीबाई बाजूला झाल्या. हात अजून पुढेच होता. त्या हाताने त्यांनी डस्टर उचललं.